समुद्राचं ४०० वर्षांपूर्वीचं तापमान आज कसं कळतं? प्रवाळाच्या सांगाड्यात दडलेल्या नोंदींची गोष्ट

उन्हाळा वाढला, पाऊस लांबला किंवा समुद्र तापल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर एक वाक्य हमखास फिरतं : "हवामान काय, नेहमीच बदलत आलंय. तेव्हा कुठे कुणी मोजत होतं?"

प्रश्न तसा वाजवी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रेट बॅरियर रीफच्या आजूबाजूचा समुद्र २०२४ च्या जानेवारी ते मार्च या काळात जितका तापला, तितका तो गेल्या ४०० वर्षांत कधीच तापला नव्हता, असं त्यात म्हटलं होतं. अभ्यासातली आकडेवारी १६१८ सालापासून सुरू होते.

१६१८ म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. फॅरनहाइटचा पाऱ्याचा थर्मामीटर आला १७१४ च्या सुमारास. उपग्रह समुद्राचं तापमान सलगपणे मोजू लागले ते १९८० च्या दशकात. मग १६१८ सालच्या समुद्राचं तापमान कुणी मोजलं?

माणसाने नाही. त्याची नोंद ठेवली समुद्राच्या तळाशी चिकटून बसलेल्या एका प्राण्याने. त्याचं नाव प्रवाळ.

## प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'पोवळं' म्हटलं की मंगळाची लाल अंगठी आठवते. दागिन्यांतलं पोवळं हाही प्रवाळाचाच प्रकार आहे, पण तो वेगळा. या लेखात ज्यांच्याबद्दल बोलतोय ते उष्ण, उथळ समुद्रात प्रवाळभित्ती बांधणारे दगडी प्रवाळ आहेत.

दिसायला प्रवाळ कधी झुडपासारखा, तर कधी मोठ्या गोल धोंड्यासारखा असतो. पण तो वनस्पती नाही आणि दगडही नाही. हजारो छोट्या प्राण्यांची ती एक वसाहत असते. त्यातल्या एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतो आणि स्वतःखाली कॅल्शियम कार्बोनेटचा कडक थर रचत जातो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून ते पॉलिपला त्यातला वाटा देतात, आणि प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्यांच्यामुळेच असतो.

मोठ्या गोलाकार प्रवाळात जिवंत भाग फक्त वरचा, काही मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्याखाली असतो तो सगळा जुना सांगाडा. दरवर्षी जुन्या मजल्यावर नवा मजला चढतो आणि राहणारे वर सरकतात, असं समजा. खालचे मजले रिकामे असतात, पण ते ज्या पाण्यातून बांधले गेले त्याच्या खुणा भिंतींत तशाच राहतात.

या कामात शास्त्रज्ञांचा सर्वात आवडता प्रवाळ म्हणजे पोराइट्स. तो वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर वाढतो आणि शेकडो वर्षं जगतो. ग्रेट बॅरियर रीफवर गूलबूडी बेटाजवळ 'मुगा धांबी' नावाचा एक पोराइट्स आहे. त्याची रुंदी १०.४ मीटर आणि उंची ५.३ मीटर भरते. त्याचं वय ४२० वर्षांहून जास्त असावं, असा अंदाज आहे.

## वर्षं मोजायची कशी?

झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून वय काढतात, हे आपण शाळेत शिकलोय. प्रवाळातही असेच पट्टे असतात, पण नुसत्या डोळ्यांनी ते नीट दिसत नाहीत. सांगाड्याची पातळ चकती कापून तिचा एक्स-रे काढला की एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे उमटतात. वर्षाच्या एका ऋतूत सांगाडा दाट बनतो आणि दुसऱ्या ऋतूत विरळ. एक दाट आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष होतं.

पण ही जोडी एकाच वर्षाची कशावरून? सहा महिन्यांची किंवा दोन वर्षांची का नाही? याचं उत्तर १९७२ मध्ये अणुबॉम्बमुळे मिळालं.

पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांमध्ये एनिवेटोक नावाचं कंकणद्वीप आहे. अमेरिकेने तिथे १९४८ ते १९५८ या काळात ४३ अणुचाचण्या केल्या. त्यातून पडलेला किरणोत्सर्गी पदार्थ पाण्यात मिसळला आणि प्रवाळाने तो सांगाड्यात गाडून टाकला. नट्सन, बडेमायर आणि स्मिथ या तीन शास्त्रज्ञांनी तिथल्या प्रवाळांचे एक्स-रे काढले आणि किरणोत्सर्गाच्या खुणा कोणत्या पट्ट्यांत आहेत ते पाहिलं. चाचण्यांच्या तारखा माहीत होत्याच. पट्ट्यांचा हिशोब त्यांच्याशी जुळला. एका जोडीचं एक वर्ष, हे पक्कं झालं.

याआधी, १९६३ मध्ये, अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी आणखी एक गंमत दाखवली होती. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर त्यांनी रोजच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या. एका वर्षात त्या साधारण ४०० भरल्या. म्हणजे त्या काळी वर्षात ४०० च्या आसपास दिवस होते आणि एक दिवस सुमारे २२ तासांचा होता. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतंय, हे खगोलशास्त्रज्ञ सांगत होतेच. प्रवाळांनी त्याला दुजोरा दिला.

## नमुना काढताना प्रवाळ मरतो का?

नाही, काळजी घेतली तर मरत नाही. पाणबुडे खास ड्रिल घेऊन खाली जातात आणि प्रवाळाच्या माथ्यावरून आतल्या दिशेने एक लांब, गोल कांडी कापून काढतात. तिची जाडी साधारण मनगटाएवढी असते, लांबी मात्र काही मीटर असू शकते. नंतर ते भोक सिमेंटसारख्या गोळ्याने बुजवतात, म्हणजे सांगाडा पोखरणारे जीव आत शिरत नाहीत. काही काळाने आजूबाजूचे पॉलिप त्यावर पसरतात.

प्रयोगशाळेत कांडीच्या पातळ चकत्या कापून एक्स-रे काढले जातात. मग वाढीच्या दिशेने जवळजवळ दर मिलिमीटरला बारीक ड्रिलने चिमटीहूनही कमी पूड काढली जाते. प्रवाळ वर्षाला १२ मिलिमीटर वाढत असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे एक महिना. त्यामुळे १७०० सालचा उन्हाळा आणि हिवाळाही वेगळा ओळखता येतो. नैसर्गिक नोंदींमध्ये इतका बारीक हिशोब फार कमी ठिकाणी मिळतो.

## पुडीतून तापमान कसं कळतं?

सांगाड्यात तापमान लिहिलेलं नसतं. तिथे असतात अणू. कोणते अणू किती प्रमाणात आहेत, यावरून तापमान काढावं लागतं. त्यासाठी मुख्यतः दोन खुणा वापरतात.

पहिली खूण ऑक्सिजनची. निसर्गात बहुतेक ऑक्सिजन हलका असतो, म्हणजे ऑक्सिजन-१६. हजारात साधारण दोन अणू जड असतात, म्हणजे ऑक्सिजन-१८. पाणी थंड असेल तर सांगाड्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण किंचित वाढतं, उबदार असेल तर कमी होतं. या प्रमाणाचा तापमापक म्हणून उपयोग होऊ शकतो, ही कल्पना नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी १९४० च्या दशकात मांडली. तापमान १ अंश सेल्सिअसने बदललं, तर हे प्रमाण १० हजारांत अवघ्या दोनेक भागांनी बदलतं. इतका सूक्ष्म फरक मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र पकडू शकतं.

पण इथे एक अडचण आहे. वाफ होताना हलकं पाणी आधी उडतं, म्हणून पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा 'हलकं' असतं. समुद्रावर भरपूर पाऊस पडला तरी प्रवाळात जड ऑक्सिजन कमी दिसतो. मग तो पाऊस जास्त झाल्यामुळे कमी झाला, की पाणी तापल्यामुळे? एकट्या ऑक्सिजनवरून ते सांगता येत नाही.

म्हणून दुसरी खूण : स्ट्रॉन्शियम. हा धातू कॅल्शियमचा रासायनिक भाऊबंद आहे. सांगाडा बांधताना प्रवाळ कॅल्शियमच्या जागी अधूनमधून स्ट्रॉन्शियमही बसवतो. दर हजार कॅल्शियम अणूंमागे तो साधारण ९ असतो. पाणी थंड असेल तर थोडा जास्त, उबदार असेल तर थोडा कमी. १ अंशाला हा फरक ०.०६ च्या आसपास पडतो. मुख्य म्हणजे पावसाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

म्हणजे स्ट्रॉन्शियमवरून तापमान काढायचं आणि ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं. जे उरतं त्यातून पाऊस आणि पाण्याचा खारेपणा कळतो. एकाच पुडीत तापमानाची आणि पावसाची अशा दोन्ही नोंदी सापडतात.

## पण प्रवाळावर विश्वास ठेवायचा का?

डोळे झाकून नाही. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, कारखान्यात बनवलेला थर्मामीटर नाही. शेजारी-शेजारी वाढलेल्या दोन प्रवाळांच्या आकड्यांतही फरक पडू शकतो. फार उष्णता झाली तर प्रवाळाची वाढ खुंटते आणि नेमक्या महत्त्वाच्या महिन्यांची नोंद अर्धवट राहते. जुना सांगाडा पाण्याने विरघळून त्यात नवे स्फटिक तयार झाले, तर आकडे फसवे निघतात.

त्यामुळे आधी ताळा केला जातो. गेल्या काही दशकांचं तापमान जहाजांनी, बोयांनी आणि उपग्रहांनी मोजलेलं आहे. त्या काळातले प्रवाळाचे आकडे त्याच्याशी पडताळून पाहतात. ते जुळले, तरच मागच्या शतकांसाठी तोच हिशोब वापरतात. एका प्रवाळावर न थांबता अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करतात आणि निष्कर्षासोबत चूक किती असू शकते, हेही सांगतात.

ग्रेट बॅरियर रीफच्या अभ्यासाला वजन आलं ते यामुळेच. १६१८ ते १८९९ या काळातल्या सरासरीपेक्षा २०२४ चा जानेवारी-मार्च सुमारे १.७ अंशांनी उष्ण निघाला. त्याच्या खालोखाल २०१७ आणि २०२० चा क्रमांक होता. १९०० पूर्वीच्या सर्वात उष्ण वर्षाच्या अंदाजात जितकी चूक शक्य आहे ती धरूनही ही तिन्ही वर्षं त्याच्या वरच राहिली.

## मेलेले प्रवाळही बोलतात

जिवंत प्रवाळ आपल्याला चार-पाचशे वर्षं मागे नेतो. त्याच्या मागे जायचं असेल तर मेलेले प्रवाळ लागतात. पॅसिफिकमधल्या पामायरा आणि किरिटिमाटी या बेटांच्या किनाऱ्यांवर वादळांनी फेकलेले जुन्या प्रवाळांचे धोंडे पडलेले आहेत. हवामानशास्त्रज्ञ किम कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास केला.

असा धोंडा कोणत्या काळातला, हे कळायला युरेनियम उपयोगी पडतं. जिवंतपणी प्रवाळ पाण्यातून थोडं युरेनियम घेतो, पण थोरियम जवळजवळ घेत नाही. पुढे त्या युरेनियमचं ठरावीक वेगाने थोरियम बनत जातं. थोरियम किती साठलं ते मोजलं की वय निघतं. काही शतकांपूर्वीच्या प्रवाळाच्या वयात चूक राहते ती मोजक्या वर्षांची.

पामायरावरच्या तुकड्यांतून इ.स. ९२८ पर्यंत मागे जाता आलं. मधली काही शतकं रिकामी आहेत, कारण त्या काळातले तुकडे मिळाले नाहीत. कॉब यांना शोधायचा होता एल निनो. त्यात मध्य आणि पूर्व पॅसिफिकचा पृष्ठभाग तापतो आणि जगभरच्या पावसाचं गणित बिघडतं. एल निनोच्या वर्षी या बेटांजवळचा समुद्र तापतो आणि पाऊसही वाढतो. ऑक्सिजनची खूण या दोन्हींमुळे एकाच दिशेला सरकते, त्यामुळे एल निनो प्रवाळात ठळक दिसतो.

प्रवाळांनी काय सांगितलं? सतराव्या शतकातही जोरदार एल निनो होऊन गेले. गेल्या ७ हजार वर्षांत त्याची ताकद आपोआप खूप कमी-जास्त होत आली आहे. म्हणजे "हवामान नेहमीच बदलत आलंय" हे अर्धं खरं आहे. पण २०२० मध्ये याच बेटांच्या आणखी नोंदी जोडून केलेल्या अभ्यासात दिसलं, की गेल्या ५० वर्षांतले एल निनो-ला निनाचे चढउतार औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी तीव्र झाले आहेत.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध, असं वाटेल. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे देशात तुटीचे गेले. २०१५ मध्ये मोठा एल निनो होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. त्या टंचाईला एल निनो हे एकच कारण नव्हतं. पाण्याचं नियोजन, पीकपद्धती आणि भूजलाचा उपसा हीसुद्धा कारणं होती. पण एल निनोची ताकद वाढतेय की नाही, हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासाठी दूरच्या समुद्राचा प्रश्न राहत नाही.

## सुमात्राजवळचे प्रवाळ आणि आपला मान्सून

मान्सूनवर हिंदी महासागराच्या स्वतःच्या हेलकाव्याचाही परिणाम होतो. त्याला 'इंडियन ओशन डायपोल' म्हणतात. हा डायपोल 'पॉझिटिव्ह' असतो तेव्हा आफ्रिकेकडची बाजू तापते आणि इंडोनेशियाकडची थंड पडते. भारतातल्या पावसाला ही स्थिती बऱ्याचदा पोषक ठरते, तर इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि वणवे येतात. २०१९ मध्ये असा तीव्र डायपोल होता.

पण या घटनेची ओळख पटून तिला नाव मिळालं तेच १९९९ मध्ये. मग १९९७ किंवा २०१९ चा डायपोल असाधारण होता की नेहमीचा, हे ठरवायचं कसं? ऑस्ट्रेलियाच्या नेरिली अब्राम आणि सहकाऱ्यांनी सुमात्राच्या पश्चिमेला असलेल्या मेंतावाई बेटांचे प्रवाळ तपासले. इ.स. १२४० पासूनच्या काळातली, मधल्या खंडांसह एकूण सुमारे ५०० वर्षांची नोंद त्यांना मिळाली.

उत्तर दुहेरी निघालं. या सगळ्या नोंदीत अतितीव्र पॉझिटिव्ह डायपोल फक्त दहा सापडले आणि त्यातले चार गेल्या ६० वर्षांतले होते. म्हणजे ते आता वारंवार येऊ लागलेत. पण सतराव्या शतकात, १६७५ मध्ये, एक डायपोल १९९७ पेक्षाही मोठा होऊन गेला होता. तो २७ ते ४२ टक्क्यांनी जास्त तीव्र असावा. निसर्गात स्वतःहून एवढं टोक गाठण्याची क्षमता आहे आणि त्यावर आता तापमानवाढीची भर पडतेय. धोक्याचा अंदाज बांधताना दोन्ही गोष्टी धराव्या लागतात.

याच किनाऱ्याच्या प्रवाळांनी भूकंपांचाही इतिहास जपला आहे. उथळ पाण्यातला प्रवाळ ओहोटीच्या सर्वात खालच्या पातळीपर्यंतच वर वाढू शकतो. भूकंपात जमीन उचलली गेली की त्याचा माथा पाण्याबाहेर येऊन मरतो, आणि बाजूचा भाग खालच्या पातळीवर वाढत राहतो. असे टोपीसारखे प्रवाळ वाचून शास्त्रज्ञांनी १७९७ आणि १८३३ च्या महाभूकंपांत तिथली जमीन कुठे किती उचलली गेली, हे शोधून काढलं.

## आणखी काय काय कळतं?

नदीचा गाळ : पुराबरोबर आलेल्या गाळातलं बेरियम समुद्राच्या पाण्यात उतरतं आणि तिथून प्रवाळाच्या सांगाड्यात जातं. ग्रेट बॅरियर रीफवरच्या प्रवाळांतून दिसलं, की १८७० च्या सुमारास युरोपीय वसाहत झाल्यानंतर समुद्रात जाणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढला. जंगलतोड आणि गुराढोरांची चराई यांनी माती मोकळी केली होती. डोंगरावर केलेल्या कामाचा हिशोब समुद्रात मांडला गेला.

समुद्राची पातळी : काही प्रवाळ फक्त पृष्ठभागाजवळच्या काही मीटर पाण्यात वाढतात. असा प्रवाळ खूप खोल सापडला, तर समुद्र कधीतरी तिथे होता असा त्याचा अर्थ. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाजवळच्या प्रवाळांवरून १९८९ मध्ये कळलं, की शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती.

पाण्याची आम्लता : सांगाड्यातल्या बोरॉनवरून पाणी किती आम्लधर्मी होत गेलं, याचा अंदाज येतो. हवेतला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळल्याने ही आम्लता वाढते.

## भारतात असं काही झालंय का?

झालंय. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या सुप्रियो चक्रवर्ती आणि आर. रमेश यांनी लक्षद्वीपच्या प्रवाळांचा अभ्यास १९९० च्या दशकातच प्रसिद्ध केला होता. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये सर्वात जास्त तापतो. मग मान्सूनचे वारे सुटतात, पाणी ढवळलं जातं, ढग ऊन अडवतात आणि समुद्र थंड होतो. दर पावसाळ्यातला हा गारवा त्यांना प्रवाळातल्या ऑक्सिजनमध्ये दिसला.

महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचा पाण्याखालचा पठारी भाग आहे, तिथेही प्रवाळ आहेत. कोकण किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांच्या गाळामुळे बरेचदा गढूळ असतं. लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्याइतकी सोय प्रवाळांना इथे नाही, म्हणून जे आहेत त्यांचं मोल जास्त.

मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंगला गेलात, तर प्रवाळावर पाय ठेवून उभे राहू नका. वर्षाला एक सेंटिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाची कित्येक वर्षांची वाढ एका पावलाने मोडू शकते. आठवण म्हणून तुकडा उचलूही नका. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, संरक्षण आहे.

## जुनं दफ्तरच जळतंय

पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच प्रवाळांचं विरंजन म्हणतात. उष्णता लवकर ओसरली तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठं विरंजन झालं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे फटके बसले, २०२४ मध्येही तिथे विरंजन झालं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात, २०२५ च्या वसंतापर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन घडवू शकेल इतक्या उष्णतेची झळ बसली होती.

किम कॉब यांनी ज्या किरिटिमाटी बेटावर वर्षानुवर्षं काम केलं, तिथे २०१५-१६ च्या एल निनोत ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, त्याच वसंतात. ज्या एल निनोचा इतिहास प्रवाळ सांगत होते, त्याच एल निनोने त्यांना संपवलं.

मेलेला सांगाडा लगेच नाहीसा होत नाही आणि आधीच काढलेल्या कांड्या प्रयोगशाळांत सुरक्षित आहेत. पण प्रवाळ मेला की नवी नोंद थांबते. शिवाय उघड्या पडलेल्या सांगाड्याला मासे, शंख-शिंपले आणि पोखरणारे जीव झिजवत राहतात. चारशे वर्षांचा प्रवाळ गेला, तर त्याच्या जागी दुसरा तयार व्हायला चारशे वर्षं लागणार.

## मग त्या फॉरवर्डला उत्तर काय द्यायचं?

"हवामान नेहमीच बदलत आलंय" हे खरंच आहे, आणि ते आपल्याला ज्या नोंदींमुळे कळलं त्यांत प्रवाळांचाही वाटा आहे. सतराव्या शतकातले जोरदार एल निनो आणि १६७५ चा मोठा डायपोल त्यांनीच दाखवला. त्यांनी निसर्गाची बाजू लपवलेली नाही.

पण त्याच सांगाड्यांत, त्याच पद्धतीने मोजलेल्या नोंदी हेही सांगतात, की ग्रेट बॅरियर रीफच्या समुद्राने चारशे वर्षांत न गाठलेली उष्णता गेल्या दहा वर्षांत तीनदा गाठली. पहिली गोष्ट मान्य करायची आणि दुसरी नाकारायची, असं करता येणार नाही, कारण दोन्हींचा साक्षीदार एकच आहे.

राहिला प्रश्न "तेव्हा कुठे कुणी मोजत होतं?" याचा. मोजणारा माणूस नव्हता, पण नोंद ठेवली जात होती. दर महिन्याला एक मिलिमीटर.